बाळ जे चोखतं, त्याचा हिशेब कुणी ठेवायचा?

कृत्रिम लाळ बनवायला फारसं काही लागत नाही. एक लिटर ऊर्ध्वपातित पाणी, त्यात ४.२ ग्रॅम खायचा सोडा, अर्धा ग्रॅम मीठ, ०.२ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि ३० मिलिग्रॅम सोडियम नायट्राइट. सामू ९ वर आणला की झाली लाळ तयार. मग रबराच्या चोखणीचे किंवा बाटलीच्या निपलचे तुकडे त्यात बुडवायचे, ४० अंश सेल्सिअसला चोवीस तास ठेवायचे आणि त्या पाण्यात काय काय उतरलं ते शोधत बसायचं. अन्नाला आणि तोंडाला लागणाऱ्या वस्तू जिथे तपासतात अशा प्रयोगशाळेत मी काम करते, त्यामुळे हे माझं रोजचंच आहे. पण बाळाच्या वस्तू टेबलावर आल्या की माझा हात आपोआप सावकाश चालायला लागतो.

त्या लाळेत नायट्राइट कशाला, ते आधी सांगते, कारण मला जे म्हणायचंय ते तिथूनच सुरू होतं. रबर चिवट आणि लवचिक व्हावं म्हणून ते गंधकाबरोबर तापवतात. ही क्रिया लवकर व्हावी म्हणून त्यात आणखी काही रसायनं घालतात. काम झालं की ती मोडतात आणि त्यांच्यातली अमाइन नावाची द्रव्यं रबरात मागे राहतात. आता माणसाच्या लाळेत मुळातच थोडं नायट्राइट असतं. अमाइन आणि नायट्राइट भेटले की त्यातून नायट्रोसामाइन तयार होऊ शकतात, आणि यांतली बरीचशी प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्करोग करणारी ठरली आहेत. म्हणजे चोखणीत आज काय आहे एवढंच बघून भागत नाही. ती तोंडात गेल्यावर तिथे काय तयार होईल, तेही बघावं लागतं.

युरोपनं १९९३ साली हाच विचार करून नियम केला. निपल आणि चोखणीच्या रबरातून, दर किलोमागे, सगळी नायट्रोसामाइन मिळून ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त उतरता कामा नयेत. आणि ज्यांच्यापासून ती बनू शकतात अशी द्रव्यं सगळी मिळून ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नकोत. इतकी वर्षं हे काम करूनही हा नियम मला अजून तितकाच शहाणा वाटतो. एकेका रसायनाचं नाव घेऊन मनाई करत बसण्याऐवजी त्यानं अख्खा गट धरला. बाळाच्या लाळेत प्रत्यक्ष काय उतरतं ते मोजायला लावलं. आणि हे सगळं कारखानदारावर आणि तपासणाऱ्यावर सोपवलं. आईबापांना दुकानात उभं राहून काहीही वाचायला लावलं नाही.

बाकीच्या रसायनांच्या बाबतीत मात्र असं झालं नाही. तिथे एक नाव पकडायचं, त्यावर वर्षानुवर्षं भांडायचं, मग ते काढायचं, आणि तोवर त्याच्या जागी त्याचंच भावंड येऊन बसलेलं असायचं. बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीएची गोष्ट बघा.

बीपीए पहिल्यांदा बनवलं ते रशियन रसायनतज्ज्ञ अलेक्सांदर दियानिन यांनी, १८९१ साली. १९३६ मध्ये ब्रिटनमधल्या एडवर्ड डॉड्स यांनी दाखवून दिलं की हा पदार्थ शरीरात इस्ट्रोजेन या हार्मोनसारखा वागतो. त्यानंतर, १९५० च्या दशकात, बीपीएपासून पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक बनायला लागलं. काचेसारखं आरपार दिसणारं, हातातून पडलं तरी न फुटणारं. दुधाच्या बाटलीला याहून सोयीचं काय असणार? पुढे त्याच्या बाटल्या घरोघर गेल्या. पण तारखांचा क्रम लक्षात घ्या. हा पदार्थ हार्मोनसारखा वागतो हे या प्लॅस्टिकचा जन्म होण्याआधीच छापून आलेलं होतं. पॉलिकार्बोनेटमधले बीपीएचे दुवे गरम पाण्यानं आणि अल्कधर्मी साबणानं हळूहळू सुटतात. आणि बाळाची बाटली म्हणजे रोज उकळायची, ब्रशनं घासायची आणि पुन्हा गरम भरायची वस्तू.

कॅनडानं २००८ साली सगळ्यांत आधी जाहीर केलं की अशा बाटल्या बंद करणार, आणि २०१० मध्ये त्या बंद केल्या. युरोपीय संघात मार्च २०११ पासून त्या बनवायच्या नाहीत आणि जून २०११ पासून विकायच्या नाहीत असं ठरलं. भारतीय मानक ब्युरोनं २०१५ च्या मानकात प्लॅस्टिकच्या दुधाच्या बाटल्यांत बीपीए नको असं घातलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जुलै २०१२ मध्ये बाटल्या आणि सिपरमधून ते काढलं. पण का काढलं, हे वाचून मला आजही राग येतो. ते धोकादायक आहे म्हणून नव्हे. रसायन उद्योगाच्या संघटनेनंच अर्ज केला होता की आता बाटल्यांत हे कुणी वापरतच नाही, तेव्हा परवानगी रद्द केली तरी चालेल. लोकांनी त्या बाटल्या घेणं थांबवलं, कारखान्यांनी बनवणं थांबवलं, आणि त्यानंतर नियम आला. म्हणजे नियमाच्या आधीचं सगळं काम आयांनी केलं होतं.

आणि जागा कुणी घेतली? काही बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या झाल्या, काही पॉलिइथरसल्फोनच्या. ही दुसरी बाटली तुम्ही पाहिली असेल. आरपार दिसते, पण प्लॅस्टिकला मधासारखी पिवळसर झाक असते. हे प्लॅस्टिक बनतं बिस्फेनॉल एस या पदार्थापासून. रेणूची रचना बीपीएच्या इतकी जवळची की कागदावर दोन्ही शेजारी काढली तर दोन वलयांना जोडणारा मधला तुकडा तेवढा निराळा दिसतो. बाटलीवर 'बीपीए फ्री' लिहिलं तर ते शंभर टक्के खरं. २०२३ च्या जानेवारीत हेच बीपीएस युरोपच्या अतिशय चिंताजनक रसायनांच्या यादीत गेलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. २०१५ मध्ये त्यांनीच ठरवलेली तात्पुरती मर्यादा होती ४ मायक्रोग्रॅम. वीस हजार पटींनी खाली! जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेला हे फार टोकाचं वाटलं आणि त्यांनी आपला वेगळा आकडा दिला, तो याच्या हजारपट जास्त होता. पण तो आकडासुद्धा जुन्या मर्यादेच्या वीस पट खालीच होता. तज्ज्ञ आपसांत भांडतात ते किती खाली आणायचं यावर. खाली आणायचं यावर दोघांचं एकमत आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये युरोपनं शेवटी अन्नाला लागणाऱ्या सगळ्याच वस्तूंमधून बीपीए काढायचा नियम केला, आणि या वेळी त्यात घातक ठरलेली बाकीची बिस्फेनॉलंही घेतली. म्हणजे गट धरला. १९९३ मध्ये रबराच्या बाबतीत जे सुचलं होतं ते इथे यायला तीन दशकं लागली.

मधल्या काळात काय झालं? ही सगळी जबाबदारी चार इंचाच्या लेबलवर आणि ते वाचणाऱ्या बाईवर येऊन पडली. माझ्या धाकट्या बहिणीला बाळ झालं तेव्हापासून तिचे फोटो यायला लागले, बहुतेक दुकानातूनच.

"ताई, यावर बीपीए फ्री लिहिलंय. घेऊ ना?"

"कशाचं आहे ते?"

"सिलिकॉनचं. दात शिवशिवतात तेव्हा चावायला."

"मग बीपीए नसणारच. सिलिकॉनला ते लागतच नाही."

"मग लिहिलंय कशाला?"

यावर मी काय सांगणार? मिठाच्या पुडीवर 'चरबीमुक्त' लिहावं तसं आहे ते. सिलिकॉनच्या बाबतीत विचारायचा प्रश्न वेगळाच असतो. साच्यातून काढल्यावर ते भट्टीत पुन्हा काही तास तापवलं होतं का? तसं केलं की आत अडकलेले लहान सिलोक्सेन रेणू उडून जातात. वेळ आणि वीज वाचवायला हे टाळलं की ते वस्तूत राहतात आणि नंतर हळूहळू बाहेर येतात. तपासायची पद्धत साधी आहे. तुकडा वजन करायचा, २०० अंशांना चार तास ठेवायचा, गार करून पुन्हा वजन करायचं. दुधाच्या बाटल्यांच्या युरोपीय मानकात ही घट ०.५ टक्क्याच्या आत हवी असते. नीट भाजलेलं सिलिकॉन आणि कच्चं राहिलेलं सिलिकॉन शेजारी ठेवलं तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. दोन्ही तसंच मऊ, तसंच गुळगुळीत. काट्यावर ठेवल्यावर कळतं. बहिणीनं दुकानात काटा आणि भट्टी घेऊन जायचं का?

लेबल किती खरं असतं त्याचाही एक नमुना आहे. न्यूयॉर्क राज्याच्या वॉड्सवर्थ केंद्रात कुरुंथाचलम कन्नन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत विकले जाणारे ५९ टीथर, म्हणजे दात येताना चावायला द्यायच्या वस्तू, तपासले, २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. बहुतेकांवर बीपीए नाही किंवा विषारी नाही असं लिहिलेलं होतं. बीपीए सगळ्यांत सापडलं. शिवाय पॅराबेन नावाची टिकाऊपणासाठीची रसायनं होती, ट्रायक्लोसानसारखी जंतुनाशकं होती. उतरणारं प्रमाण थोडं होतं आणि एकेका रसायनाची तेव्हाची मर्यादा घेतली तर त्यात बसत होतं, हेही सांगायला हवं. पण बाळ काही एकेक रसायन वेगळं चोखत नाही. आणि तेव्हाच्या त्या मर्यादांचं पुढे काय झालं ते वर लिहिलंच आहे.

प्रमाण थोडं असतं हे मला फार वेळा ऐकायला मिळतं, म्हणून त्यावर जरा थांबते. फक्त दुधावर असलेलं तान्हं बाळ वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १५० मिलिलिटर दूध पितं. त्याच हिशेबानं साठ किलोच्या माणसाला रोज नऊ लिटर प्यावं लागेल, आणि तेही प्रत्येक वेळी एकाच भांड्यातून. शिवाय बीपीएसारखे पदार्थ निकामी करून लघवीवाटे बाहेर टाकणारी यकृतातली यंत्रणा नवजात बाळात अजून पुरती चालू झालेली नसते. आणि याच महिन्यांत मेंदू, थायरॉइड, जननेंद्रियं हार्मोनांच्या इशाऱ्यावर घडत असतात. मोठ्या माणसासाठी ठरवलेला 'थोडं' हा शब्द इथे जसाच्या तसा उचलून आणता येत नाही.

थॅलेटचं प्रकरण मी जवळून बघितलंय. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ, दाबता येईल असं व्हावं म्हणून त्यात थॅलेट नावाची तेलकट द्रव्यं घालतात, आणि पूर्वी मऊ खेळण्यांत ती वजनाच्या तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत असायची. ती प्लॅस्टिकच्या रेणूंना बांधलेली नसतात, नुसती मध्ये शिरून बसलेली असतात. म्हणून चावलं, दाबलं, लाळ लागली की बाहेर येतात. असा तुकडा पातेऱ्यासारखा पातळ कापून द्रावकात टाकला आणि द्रावक उडवून दिला की काचेच्या तळाशी पिवळसर तेलाचा थर राहतो. बोटानं काच तिरपी केली की तो हळूच सरकतो. इतकं तेल त्या एवढ्याशा तुकड्यातून निघू शकतं, हे पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीचा चेहरा मला आठवतो.

डिसेंबर १९९९ मध्ये युरोपनं तीन वर्षांखालच्या मुलांनी तोंडात घालायच्या पीव्हीसी वस्तूंतल्या सहा थॅलेटवर तातडीची बंदी घातली. ती तात्पुरती होती. तीन-तीन महिन्यांनी वाढवत वाढवत २००५ पर्यंत ओढली आणि मग कायमचा कायदा झाला. अमेरिकेनं २००८ मध्ये कायदा केला आणि २०१८ पासून ती यादी आठ थॅलेटची झाली. मर्यादा दोन्हीकडे ०.१ टक्का. हा आकडा सुरक्षित प्रमाणाचा नाही, हे समजून घ्या. मऊ करायला तीस टक्के लागतं, तर ०.१ टक्क्यात काहीच मऊ होत नाही. म्हणजे चुकून लागलेला अंश तेवढा चालेल, मुद्दाम घालायचं नाही, असा त्याचा अर्थ. असा आकडा मला आवडतो, कारण त्यात पळवाट राहत नाही. युरोपच्या कायद्यातली व्याख्याही तशीच रुंद आहे: मुलाची झोप, शांत होणं, स्वच्छता, भरवणं किंवा चोखणं यासाठी जे जे बनवलं ते सगळं त्यात आलं. टीथर हे खेळणं आहे का भांडं, असा वाद घालायला जागाच ठेवली नाही.

"आमची मुलं याच बाटल्यांवर वाढली, कुठे काय झालं?" हे तर कार्यक्रमात, लग्नात, कुठेही ऐकू येतं. विचारणारी माणसं प्रेमाचीच असतात. त्यांना मी दात येण्याच्या पावडरींची हकीकत सांगते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत बाळांना दात येताना द्यायच्या पावडरींत कॅलोमेल असायचं, म्हणजे पाऱ्याचं संयुग. त्या काळात लहान मुलांचा एक विचित्र आजार होता. हातपाय गुलाबी व्हायचे, कातडी सोलली जायची, घाम सुटायचा, उजेड सहन व्हायचा नाही, मूल रात्रंदिवस कळवळून रडायचं. काही मुलं दगावली. कारण कुणाला सापडेना. आणि रडणाऱ्या मुलाला दात येत असतील म्हणून पुन्हा तीच पावडर दिली जायची. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या जोसेफ वॉर्कनी यांना अशा मुलांच्या लघवीत पारा सापडला. १९५४ मध्ये ब्रिटनमध्ये पावडरींतून पारा काढला गेला आणि काही वर्षांत तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. इतकी वर्षं तो कुणाच्या लक्षात का आला नाही? कारण पावडर घेतलेल्या बहुतेक मुलांना काहीच झालं नव्हतं. "आमच्या मुलांना काही झालं नाही" हे त्या आयांचंही खरंच होतं.

हिरड्या बधिर करणाऱ्या जेलबद्दलही यासोबतच सांगून टाकते. त्यातलं बेंझोकेन क्वचित बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच घालवतं. ओठ, नखं निळी पडतात आणि ते जिवावर बेतू शकतं. अमेरिकेनं मे २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी अशी जेल विकू नका असं कंपन्यांना सांगितलं. घरात असेल तर फेकून द्या. स्वच्छ बोटानं हिरड्या चोळा, फ्रीजमध्ये गार केलेलं ओलं फडकं चावायला द्या, तेवढं पुरतं.

नियम कडक केले तर छोटे उत्पादक मरतील, असा आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. एकेका वस्तूची संपूर्ण तपासणी महाग पडते हे मला आमच्याच दरपत्रकावरून माहीत आहे. पण तपासणी सगळी शेवटच्या टोकाला का? टीथरचा साचा मारणारा छोटा कारखानदार रसायनं स्वतः बनवत नाही. तो प्लॅस्टिकचे दाणे, सिलिकॉन, रंग विकत आणतो. ते दाणे आणि रंग बनवणाऱ्या मोठ्या कंपनीनंच आत काय आहे हे लेखी, जबाबदारीनिशी द्यायला हवं आणि खोटं निघालं तर दंड तिला व्हावा. आज माझ्याकडे नमुना घेऊन येणाऱ्या लहान उत्पादकाला मी विचारते, रंग कुठला? तो म्हणतो, मॅडम, डब्यावर नंबर आहे, आत काय आहे ते ते लोक सांगत नाहीत. त्याला खरंच माहीत नसतं. मग ते बाळाच्या आईला कसं माहीत असणार?

जी मला विचारतात त्यांना मी जे सांगते ते इथेही लिहिते. प्लॅस्टिकच्या बाटलीत कढत पाणी ओतू नका. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनं २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या तपासल्या, तर एका लिटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण निघाले, आणि पाणी जितकं गरम तितके ते जास्त. पावडरचं दूध मात्र जंतू मरावेत म्हणून किमान ७० अंशांच्या पाण्यातच कालवायला हवं, त्यात तडजोड नको. म्हणून ते काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात कालवा, कोमट होऊ द्या आणि मग बाटलीत ओता. उकळलेली बाटली आधी उकळून गार केलेल्या पाण्यानं तीनदा विसळा. मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका. आत चरे पडलेली, धुरकट झालेली बाटली आणि चिकट झालेलं निपल बदला. उग्र वास येणारं टीथर तोंडात जाऊ देऊ नका. जमत असेल तर काचेची बाटली घ्या. हे सगळं आजच्या दिवसापुरतं आहे. ज्या घरात बाई कामावरून येऊन एका हातानं बाळ धरून दुसऱ्या हातानं दूध कालवते, तिथे हे रोज पाळलं जाईल असं मी धरून चालत नाही, आणि तिनं पाळलं नाही म्हणून तिला बोल लावणं मला पटत नाही.

मानकांचे मसुदे पक्के होण्याआधी सूचना आणि हरकतींसाठी खुले ठेवले जातात. तिथे उत्पादकांची पत्रं येतात, आमच्यासारख्या प्रयोगशाळांची येतात. पालकांची आलेली मी अजून पाहिली नाहीत, आणि ती यायला हवीत. भाषा साधी चालते. मी माझ्या पत्रात एवढंच मागितलंय: बिस्फेनॉल आणि थॅलेट नावानिशी नकोत, गट म्हणून आणि बेरीज करून मोजा; टीथर, चोखणी, सिपर, चमचा, तोंडात जाणारं सगळं एकाच नियमाखाली आणा; कृत्रिम लाळेत आणि गरम दुधाच्या तापमानाला काय उतरतं ते तपासा; कच्चा माल देणाऱ्याकडून आतल्या घटकांची लेखी यादी सक्तीची करा; आणि बाजारातून न सांगता नमुने उचलून त्यांचे निकाल वस्तूच्या नावासह जाहीर करा.